आजीच्या घरातला १९६१ चा सोफा, शोकेस आणि टीपॉय : ठेवायचं का, आणि पुढे जमवायचं तर काय?

गावभाग_सांगली

नमस्कार मंडळी,

गावभागातलं आमचं जुनं घर रिकामं करायचं आहे. आजोबांची गणपती पेठेत हळदीची अडत होती. घर १९६१ चं, आणि हॉलमधलं सगळं फर्निचर त्याच सुमाराला मिस्त्री घरी बसवून करून घेतलेलं. आम्ही विश्रामबागला फ्लॅट घेतलाय. तिथे यातलं काय न्यायचं यावरून घरात दोन तट पडलेत. बाबा म्हणतात, भंगारवाल्याला बोलवा आणि मोकळे व्हा. भावाला एल आकाराचा नवा सोफा हवाय. मला मात्र हे सामान सोडवत नाही. आजीची आठवण आहेच, पण तेवढंच नाही, मला ते खरोखर देखणं वाटतं.

काय काय आहे ते सांगते. तीन जणांचा एक सोफा आणि दोन खुर्च्या. पाठीला वेत, हात टोकाकडे निमुळते होत गेलेले, चारही पाय तिरके आणि खाली बारीक. पुढच्या पायांना पितळी टोप्या आहेत, त्यातली एक हरवली आहे. एक शोकेस, सरकत्या काचांची, खाली दोन ड्रॉवर. काजूच्या आकाराचा तीन पायांचा टीपॉय, वर फिकट हिरवा सनमायका, कडेला काळी पट्टी. आणि एक लाकडी स्टँड-लॅम्प, त्याची शेड गेली आहे.

२०१९ च्या पुरात हे सगळं पाण्यात होतं. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आमच्या हॉलमध्ये छातीएवढं होतं. पाणी ओसरल्यावर सगळं धुऊन माडीवर नेलं, तेव्हापासून चादरी टाकून पडून आहे. सोफ्याचे सांधे हलतात, पॉलिशवर पांढरे डाग आहेत, एका खुर्चीचा वेत फाटलाय. शोकेसची मागची प्लायवूडची फळी तर पापुद्रे सुटून गेली.

दुसरं म्हणजे, असं जुनं सामान बघता बघता मला त्याचा नाद लागलाय. पुण्यातल्या एका विक्रेत्याने 'चंदीगडची ओरिजिनल खुर्ची' म्हणून फोटो पाठवलेत. मागच्या पट्टीवर पांढऱ्या रंगात अक्षरं आणि नंबर आहे. ६५ हजार म्हणतो. घ्यावी का? की ते पैसे घरच्या फर्निचरवर घालावेत?

---

कृष्णाकाठ

भंगारवाल्याला अजिबात देऊ नका. तो सागवानाचे पैसे जळणाच्या भावाने देईल आणि पुढच्या आठवड्यात तीच खुर्ची कोल्हापुरात कुणाच्या तरी कॅफेत दिसेल. बाकीचं जाणकार सांगतीलच.

---

वेताची_खुर्ची

ताई, आधी चंदीगडचं बोलू, कारण तिथे पैसे अडकायची वेळ आहे.

चंदीगड शहर उभं राहत असताना, ते आखणारे वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांचे चुलत भाऊ पिएर जीनरे १९५१ पासून १९६५ पर्यंत तिथे राहून काम करत होते. कचेऱ्या, कोर्ट, विद्यापीठ, वसतिगृहं यांना खुर्च्या-टेबलं हजारोंनी लागणार होती. जीनरे आणि त्यांच्या हाताखालच्या भारतीय वास्तुविशारदांनी ती आखली, आणि निरनिराळ्या सुतारांनी सागवान, शिसम आणि वेत वापरून बनवली. बाजूने पाहिलं तर उलट्या व्ही सारखे दिसणारे जोडपाय, ही त्यांची ओळख. पुढे सरकारी खात्यांनी हेच सामान मोडकं म्हणून लिलावात काढलं. परदेशी विक्रेत्यांनी ते उचललं, आणि आज तिकडच्या लिलावांत एकेका खुर्चीला लाखांत बोली लागते. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने या वारसा फर्निचरची विक्री आणि लिलाव बंद करायचा आदेश काढला. पण पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा अशा वस्तूंना १०० वर्षं झाल्याशिवाय लागू होत नाही, म्हणून परदेशातले लिलाव आजही चालूच आहेत.

यातून तुमच्या कामाच्या गोष्टी दोन. पहिली, नंबर असलेली खुर्ची खरी असेल तर ती कधीकाळी सरकारी दप्तरी नोंदलेली होती. मग ती बाहेर कशी आली याचा लिलावाचा कागद विक्रेत्याकडे असायला हवा. तो मागा. दुसरी, ही खुर्ची जोधपूरसारख्या ठिकाणी आज नवीन बनते, आणि स्टेन्सिल धरून पांढरा रंग मारणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे. नंबर पाहून विश्वास ठेवू नका. खुर्ची उलटी करा. साठ वर्षांच्या लाकडाची आतली, पॉलिश न लागलेली बाजू वाऱ्याने काळवंडलेली असते. त्या काळच्या स्क्रूच्या डोक्यावर एकच सरळ खाच असते, अधिकाच्या आकाराची नव्हे. नंबराचा रंग जुन्या मळाच्या वर बसलाय की मळाच्या खाली दबलाय, तेही भिंग लावून बघा. ६५ हजारांत खरी चंदीगड खुर्ची, कागदपत्रांसह, मला तरी शक्य वाटत नाही. चांगली नवी खुर्ची म्हणून घ्यायची तर तेवढे पैसे फार होतात.

आता तुमच्या सोफ्याकडे येतो. त्याबद्दल मला जास्त सांगायचंय.

मी बँकेत होतो. वाई, कराड, विटा, तासगाव, जत अशा बदल्या झाल्या, आणि कर्जाच्या तपासणीला घरोघरी जाणं व्हायचं. त्यामुळे या दोन जिल्ह्यांतल्या बैठकीच्या खोल्या मी पुष्कळ पाहिल्यात. १९५० च्या आधीच्या घरात काय असायचं? कातीव पायांची टेबलं, लांब हातांच्या आरामखुर्च्या, संस्थानी वळणाचं नक्षीकाम. चाळीशीत मुंबईकडून गोल कोपऱ्यांची, जाड, जमिनीला टेकलेली बैठक आली. आणि मग पंचावन्न ते सत्तर या काळात एकदम सगळं सडपातळ होतं. कातारीचं काम संपतं. पाय साधे, तिरके, खाली निमुळते. बैठक जमिनीपासून उचललेली, खालून केरसुणी सहज फिरेल अशी. पाठ उघडी, वेताची किंवा उभ्या पट्ट्यांची, म्हणजे वारा खेळतो. नक्षी नाहीच, जी काही शोभा ती लाकडाच्या शिरांची आणि पितळेच्या टोपीची.

हे वळण डेन्मार्ककडून आलं, अमेरिकेकडून आलं, खरं आहे. हान्स वेग्नर यांची वाय आकाराच्या पाठीची खुर्ची १९४९ ची, इम्स दांपत्याची लाउंज खुर्ची १९५६ ची. पण इथल्या मिस्त्रींनी ते वळण आपल्या हवेला आणि आपल्या बसण्याला जुळवून घेतलं. उन्हाळ्यात घाम येतो म्हणून कातड्याऐवजी वेत. माणसं सोफ्यावरही मांडी घालून बसतात म्हणून बैठकीची खोली जास्त. सणाला सगळं उचलून बाजूला करायचं म्हणून सांगाडा हलका आणि गाद्या सुट्या. चार्ल्स आणि रे इम्स १९५८ मध्ये भारतभर फिरले आणि त्यांनी सरकारला अहवाल दिला, त्यात त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक आपल्या लोट्याचं केलं होतं : पिढ्यान्‌पिढ्या हातांनी वापरून, थोडा थोडा सुधारत घडत गेलेला आकार. त्या अहवालातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. ज्या वर्षी तुमच्या आजोबांनी घर बांधलं, त्याच वर्षी. तुमच्या सोफ्यावर कुणाची सही नाही, पण त्यामागे विचार आहे, आणि तो विचार सांगलीत बसून केलेला आहे. म्हणून मला त्याची किंमत त्या ६५ हजारांच्या खुर्चीपेक्षा जास्त वाटते.

पुराचं घाबरू नका. सागवानात तेल असतं, पाणी त्याला सहजासहजी कुजवत नाही. नुकसान झालंय ते सांध्यांचं आणि प्लायवूडचं. त्या काळी मिस्त्री बरेचदा सरस वापरत, जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला. तो गरम पाण्यात विरघळवून लावायचा, त्यामुळे पुराच्या पाण्यातही तो सुटतो. हे एका अर्थी बरंच झालं. सांधा तुटलेला नाही, नुसता मोकळा झालाय. जुना सरस खरवडून, नवीन लावून, दोरीने आवळून ठेवला की पहिल्यासारखा बसतो. फेव्हिकॉलने घट्ट चिकटवलेला सांधा उघडायचा तर लाकूड फाटायची भीती असते. शोकेसची मागची फळी मात्र बदला, पापुद्रे सुटलेलं प्लायवूड परत धरत नाही.

एक विनंती. उत्साहाच्या भरात पॉलिशवाल्याला बोलावून सगळं घासून मेलामाइन, म्हणजे ते प्लास्टिकसारखं पॉलिश, मारून घेऊ नका. आधी पॉलिश कशाचं आहे ते बघा. सोफ्याच्या मागच्या पायाच्या आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा ठिकाणी, कापसाने स्पिरिटचा एक थेंब लावा. मिनिटभरात चिकट झालं तर ते चपडा लाखेचं पॉलिश आहे. तसं असेल तर कळवा, पुढचं सांगतो.

---

मिस्त्रीचा_पोरगा

वेताची_खुर्ची काकांनी लय बारकाईनं सांगितलंय. मी तासगावचा. आमचे अण्णा मिस्त्री होते, साठ-सत्तरच्या काळात सांगली-मिरजेत घरोघरी जाऊन काम करायचे. त्यांच्याकडनं ऐकलेलं आणि लहानपणी डोळ्यांनी बघितलेलं सांगतो.

गिऱ्हाईक काय करायचं, तर मासिकातलं चित्र फाडून आणायचं, नाहीतर "पुण्यात मेव्हण्याकडं बघितलाय तसा सोफा कर" म्हणायचं. माप कुठलं नसायचं. मग अण्णा गिऱ्हाइकाला साध्या स्टुलावर बसवायचे. गुडघ्यामागं किती उंची, पाठ कुठं टेकती, हात कुठं येतो, सगळं पट्टीनं बघायचे. मग फरशीवर गेरूनं खुर्चीची बाजू आहे त्या मापात आखायचे. सगळ्यात वेळ लागायचा मागच्या पायाला. मागचा पाय आणि पाठीचा खांब एकाच लाकडातनं काढायचा असतो, मधे बाक देऊन. नीट आखला नाही तर अर्धी फळी वाया. म्हणून पातळ फळीचा फर्मा करायचे आणि एका फळीत दोन पाय उलटसुलट बसवायचे, एकाचा बाक दुसऱ्याच्या पोटात. सागवान वखारीतनं घनफुटावर यायचं, इंचाइंचाचा हिशोब असायचा. ते फर्मे आमच्या घरी अजून भिंतीला टांगलेत.

ताई, तुमचे सांधे सुटलेत म्हणताय तर एक पाय अलगद काढून बघा. कुसवावर, म्हणजे भोकात बसणाऱ्या टोकावर, किंवा भोकाच्या शेजारी पटाशीचे बारीक काप दिसतील, एक काप, दोन काप, तीन काप. ज्या पायावर दोन काप तो दोन काप असलेल्या पट्टीतच बसतो. प्रत्येक कुसू त्याच्या भोकाला धरून तासलेला असतो, अदलाबदल केली की ढिला पडतो. दुरुस्तीला येणाऱ्या मिस्त्रीला हे सुरुवातीलाच दाखवा, नाहीतर तो चारी पाय काढून ढीग घालील आणि मग खिळं मारत बसंल. खिळा मारू देऊ नका. काय वाटेल ते झालं तरी खिळा नको.

---

गावभाग_सांगली

काका, दादा, काय बोलू कळत नाही. आज माडीवर जाऊन बसले होते. काप आहेत! सोफ्याच्या पुढच्या डाव्या पायावर एक, उजव्यावर दोन. आणि बैठकीच्या पट्टीच्या आतून पेन्सिलीने आमच्या पणजोबांच्या नावाचं पहिलं अक्षर आणि '२१॥' असा आकडा लिहिलाय. माप असावं. बाबांना दाखवलं, ते बराच वेळ बघत होते. भंगारवाल्याचा विषय आता संपला.

स्पिरिटचा थेंब लावला, चिकट झालं. खुर्चीच्या मागच्या पायाशी मात्र बारीक भोकं आहेत आणि खाली पिठासारखा भुसा पडलाय. ही वाळवी का?

आणि पुढे जमवायचं तर काय जमवावं? चंदीगडचं डोक्यातून काढलं. पण लॅम्पला शेड हवी, शोकेसमध्ये काहीतरी ठेवावंसं वाटतं. ऑनलाइन बघितलं तर सगळीकडे तेच ते, परदेशी चित्रांतल्यासारखं.

---

राजपथ_सातारा

शोकेसमध्ये काय ठेवायचं हे माझ्याकडून ऐका, कारण त्यासाठी तुम्हाला जिल्ह्याच्या फार बाहेर जायला नको. ओगलेवाडीची काच.

कराड स्टेशनजवळच्या ओगलेवाडीला औंध संस्थानच्या आधाराने ओगले बंधूंनी काचेचा कारखाना काढला. त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी होता हे सगळ्यांना माहीत आहे, पण काचेची इतर भांडीही तिथे होत. कारखाना बंद पडून खूप वर्षं झाली, त्यामुळे आहे तेवढंच आहे. कराड, उंब्रज, मसूर भागातल्या जुन्या घरांच्या माळ्यावर आजही सापडतं. माझ्याकडे दोन कंदील आणि एक जाड काचेची, किंचित हिरवट झाक असलेली बरणी आहे. बरणी उजेडात धरली की आत बारीक बुडबुडे दिसतात, एका बाजूला काच थोडी जाड आहे. आई तिच्यात लिंबाचं लोणचं घालायची, आता मी ती खिडकीत ठेवतो. पाहुणे आले की आधी तिच्याकडेच नजर जाते.

आणि एक कराच. औंधला यमाईच्या डोंगरावर भवानी संग्रहालय आहे, औंधचे राजे पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये उभारलेलं. तिथे हेन्री मूर यांचं 'आई आणि मूल' हे दगडी शिल्प आहे. विसाव्या शतकातल्या आधुनिक शिल्पकलेतलं एवढं मोठं नाव, आणि खटाव तालुक्यात डोंगरावर! लहान आहे, शोधावं लागतं, पण त्याच्यासमोर उभं राहून बघा. साधेपणाने किती काही सांगता येतं हे कळतं, आणि मग आपल्या घरासाठी वस्तू निवडताना डोळा आपोआप बदलतो. माझा बदलला.

---

वेताची_खुर्ची

ताई, पणजोबांचं अक्षर असलेली पट्टी अजिबात घासू देऊ नका. तेवढा भाग कागद चिकटवून झाकून ठेवा आणि पॉलिशवाल्याला तोंडी सांगून भागणार नाही, स्वतः समोर उभ्या राहा.

भोकं आणि पिठासारखा भुसा म्हणजे वाळवी नव्हे, भुंगा लागलाय. वाळवी मातीच्या नळ्या करून येते आणि आतून पोखरते. भुंग्याची अळी लाकडाच्या पांढऱ्या, बाहेरच्या भागात राहते. सागवानाच्या लाल गाभ्याला तो सहसा लागत नाही, पण मिस्त्रीने मागच्या पायाला कडेची पांढरी पट्टी वापरली असेल तर लागतो. ती खुर्ची आजच बाकीच्यांपासून वेगळी काढा. हार्डवेअरच्या दुकानात लाकडासाठीचं कीटकनाशक मिळतं. ते इंजेक्शनच्या सुईने एकेका भोकात सोडायचं, हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून. नंतर भोकं मेणाने बुजवायची. आठवडाभर खाली काळा कागद पसरून ठेवा. नवा भुसा पडला तर परत सोडा.

पॉलिश लाखेचं निघालं हे फार चांगलं झालं, कारण लाखेवर लाख बसते. जुना थर सगळा काढायची गरज नाही. पुराचे पांढरे डाग हे लाखेत अडकलेला ओलावा आहे. सुती कापडाचा बोळा करून स्पिरिटने जेमतेम ओला करा, हाताच्या मागच्या बाजूला लावला तर गार लागेल इतकाच, आणि डागावरून हलक्या हाताने सरळ ओढत न्या. थांबलात तर बोळा चिकटेल. बरेच डाग यानेच जातात. राहतील त्यावर पातळ लाखेचे दोन-तीन हात. आरशासारखी चकाकी आणू नका. साठ वर्षांत लाकडाला आलेला तो मधाळ रंग पॉलिश पेपरने एका दुपारी निघून जातो आणि पैसे देऊन परत येत नाही. हे मी तळमळीने सांगतोय, कारण गेल्या काही वर्षांत मी चांगली चांगली घरं बघितली जिथे आजोबांचं सागवान घासून, लाल रंग देऊन, वर प्लास्टिकसारखं पॉलिश चढवलेलं होतं. ती वस्तू असूनही गेली.

वेताचं. फाटलेल्या खुर्चीच्या चौकटीला ओळीने भोकं आहेत का बघा. असली तर ते हातविणकाम आहे : दोन पट्ट्या उभ्या, दोन आडव्या, दोन तिरक्या, आणि मधे आठ कोनांची जाळी. विणणारा अस्सल वेताची पट्टी पाण्यात भिजवून विणतो, वाळली की ती ताणून ढोलकीसारखी बसते. पूर्वी अंधशाळांतून हे काम शिकवत. आता विणणारे कमी राहिले, तरी मिरजेत विचारत गेलात तर सापडतील. तो प्लास्टिकचा वेत सुचवेल, स्वस्त आणि टिकाऊ म्हणून. नको म्हणा. प्लास्टिक ताणलं जातं पण परत आवळत नाही, आणि उन्हाळ्यात पाठीला चटके देतं. दुसऱ्या खुर्चीचा वेत नुसता सैल झाला असेल तर विणून घेऊ नका. मागच्या बाजूने ओलं फडकं रात्रभर लावून ठेवा, सकाळी सावलीत वाळू द्या. पुष्कळदा तेवढ्यानेच घट्ट होतो.

गाद्यांबद्दल एकच सांगतो, जाडी चार इंचाच्या वर जाऊ देऊ नका. दुकानदार सहा इंची फोम घाला म्हणेल. त्याने बैठक उंच होते, सोफ्याचा हात कोपराच्या खाली जातो, आणि तो सगळा सडपातळ घाट बिघडतो. खोळीला खादी भांडारातली जाड खादी, एकरंगी. मोहरीचा पिवळा किंवा विटकरी रंग तुमच्या हिरव्या सनमायकाशेजारी छान दिसेल. टीपॉयचा सनमायका बदलायचा विचार मनात आणू नका, तो रंग आज मिळत नाही. कडा सुटली असेल तर रबरी सोल्यूशनने परत बसते.

जमवायचं काय, याला माझं उत्तर ठरलेलं आहे : जे इथे बनलं किंवा इथे वापरलं गेलं ते. राजपथ_सातारा यांनी ओगल्यांच्या काचेचं सांगितलं, त्यांचं पूर्ण पटलं. दुसरं, किर्लोस्करवाडीत नांगर आणि पंपांबरोबर एके काळी लोखंडी फर्निचरही होत असे. पलूस, कुंडल, भिलवडी भागात जुन्या शाळा, दवाखाने किंवा घरं रिकामी होतात तेव्हा लक्ष ठेवा. माझ्याकडे नळीची एक खुर्ची आहे, बसलं की किंचित झुलते. गंज होता तो पितळी ब्रशने काढला आणि रंग न देता वर नुसतं मेण चोळलं. तिसरं, कोयना प्रकल्पावर नोकरीला असलेल्यांच्या घरातलं सामान. धरणाचं काम पन्नाशी-साठीत चाललं, वसाहती उभ्या राहिल्या, आणि तिथल्या कुटुंबांनी निवृत्तीनंतर ते टेबल-खुर्च्यांसह साताऱ्याला, कराडला, पाटणला आणलं. साधी, चौकोनी, मजबूत टेबलं. चौथं म्हणजे जुने रेडिओ. मर्फी, बुश, फिलिप्स. वाजत नसले तरी लाकडी खोकं आणि पुढचं विणलेलं कापड बघा. बटण बेकेलाइटचं, म्हणजे त्या काळच्या कडक प्लास्टिकचं, असेल तर अंगठ्याने जोरात घासून वास घ्या, दवाखान्यातल्या कार्बोलिकसारखा उग्र वास येतो. आजच्या प्लास्टिकला तो येत नाही.

घेताना घरमालकाला दोन गोष्टी जरूर विचारा : कुणी बनवलं आणि घरात कुठे ठेवलेलं असायचं. मी प्रत्येक वस्तूच्या खाली कापडी पट्टी लावून त्यावर हे लिहून ठेवतो. गाव, साल माहीत असेल तर साल, आणि मिस्त्रीचं नाव कळलं तर नाव. बहुतेक वेळा मालकाचं नाव राहतं आणि मिस्त्रीचं जातं.

---

मिस्त्रीचा_पोरगा

काका, शेवटची ओळ वाचून अण्णांची आठवण झाली. त्यांनी केलेल्या कुठल्याच खुर्चीवर त्यांचं नाव नाही. पण त्यांचा एक रिवाज होता, पुढच्या पायाच्या आतल्या कडेला वरपासून खालपर्यंत रंध्याचा एकच बारीक हात मारायचे, धार मोडायला. बोट फिरवलं की कळतं. ताई, तुमच्या सोफ्यावर तसं आहे का बघता का? मिस्त्री सांगलीचा होता का तासगावचा हे बाबांना आठवतं का?

---

गावभाग_सांगली

दादा, बोट फिरवून बघितलं. धार मोडलेली आहे, पण सोफ्याच्या चारही पायांना आणि दोन्ही कडांना, म्हणजे अण्णांचा हात नसावा. बाबांना एवढंच आठवतं की मिस्त्री मिरजेहून सायकलवर यायचे आणि दुपारी आजी त्यांना ताक द्यायची. नाव आत्याला माहीत असेल, तिला आज रात्री फोन करते. कळलं तर पट्टीवर पहिलं तेच लिहीन.

वेताची_खुर्ची काका, पॉलिशचं काम आत्ता लगेच काढू की घर लागल्यावर, दिवाळीच्या आसपास?

---

वेताची_खुर्ची

मे महिना संपायच्या आत उरका, नाहीतर सरळ दसऱ्यानंतर. पावसाळ्यात हवेत ओल असते, स्पिरिट उडताना ती लाखेत धरते आणि काढलेले पांढरे डाग सगळ्या सोफ्याला येतात. आधी सांधे, मग भुंग्याचं औषध, मग पॉलिश, आणि वेत सगळ्यात शेवटी, म्हणजे त्यावर लाखेचे थेंब पडणार नाहीत. हरवलेल्या पितळी टोपीसाठी उरलेली एक टोपी सोबत घेऊन कुठल्याही पितळी भांड्यांच्या कारागिराकडे जा, नमुना पुढे ठेवला की लेथवर तशीच काढून देतात. आत्याचा फोन झाला की नाव इथे नक्की लिहा. मिरजेतल्या दोन-तीन घरांत मी अगदी अशाच हातांचे सोफे पाहिलेत, ते त्याच मिस्त्रींचे आहेत का ते मला ताडून बघायचंय.